मधुमेही डोळ्याला लेझर: आधी काय विचारावे, त्या दिवशी काय करावे, नंतर काय सांभाळावे

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतील कोणत्याही डोळ्यांच्या दवाखान्यात, बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या रुग्णांच्या रांगेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "लेझर केल्यावर नजर किती वाढेल?" मी अशाच एका दवाखान्यात रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना उपचार समजावून सांगण्याचे काम करते, आणि या प्रश्नाचे खरे उत्तर पहिल्याच भेटीत देणे हा माझ्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असे मी मानते. ते उत्तर असे की, मधुमेहामुळे खराब झालेल्या पडद्यावर लेझर केले जाते ते नजर वाढवण्यासाठी नव्हे, तर उरलेली नजर टिकवण्यासाठी. आणि ती टिकवताना पडद्याच्या कडेचा काही भाग, म्हणजेच बाजूची आणि अंधारातली थोडी दृष्टी, जाणूनबुजून खर्ची घातली जाते.

माझ्या आत्याला हे कोणी सांगितले नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याला चार वेळा लेझर करायचे ठरले होते. दोन वेळा झाल्यावर तिच्या लक्षात आले की संध्याकाळी अंगणात उतरताना पायरी नीट दिसत नाही, आणि वाचनात तर काहीच फरक पडलेला नाही. लेझरनेच डोळा बिघडवला असे तिने मनाशी ठरवले आणि उरलेल्या दोन वेळांना ती गेलीच नाही. सात महिन्यांनी एका सकाळी चहा गाळताना तिला कपात काजळीचे धागे तरंगताना दिसले. तिने तो चहा ओतून दिला आणि दुसरा केला, तर त्यातही तेच धागे. ते चहात नव्हते. डोळ्यात उतरलेल्या रक्ताचे होते. दुपारपर्यंत त्या डोळ्यासमोर सगळे अंधारून आले. पुढे शस्त्रक्रिया झाली, पण आज त्या डोळ्याने तिला समोरच्याच्या हाताची बोटे मोजता येतात, एवढेच. पायरी का दिसत नाही हे तिला आधी ठाऊक असते तर ती मध्येच थांबली नसती, असे मला आजही वाटते.

पडद्याचे काय होते आणि लेझर काय करते

डोळ्याच्या आतल्या बाजूला असलेला पडदा, ज्याला पुस्तकी मराठीत दृष्टिपटल म्हणतात, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा असतो, आणि वजनाच्या मानाने शरीरात सर्वाधिक ऑक्सिजन लागणाऱ्या ऊतींमध्ये त्याची गणना होते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पडद्यातील केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात: कुठे त्यांना फुगे येतात, कुठे त्यांतून पाणी आणि चरबी झिरपते, तर कुठे त्या पूर्णपणे बंद पडतात. झिरपणे पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे ज्या मॅक्युलाने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथे असेल, तर सूज येऊन अक्षरे पुसट किंवा वाकडी दिसू लागतात. बंद पडलेल्या वाहिन्या जास्त असतील, तर उपाशी राहिलेला पडदा व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडू लागतो आणि त्याच्या प्रभावाने नव्या रक्तवाहिन्या उगवतात. या नव्या वाहिन्या पडद्याचे पोषण करत नाहीत; त्या ठिसूळ असतात. त्या फुटल्या तर डोळ्याच्या पोकळीत रक्त उतरते, त्यांच्याभोवती तयार झालेले धागे आकसले तर पडदा ओढला जाऊन सुटतो, आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत भागावर त्या पसरल्या तर काचबिंदूचा अत्यंत हट्टी प्रकार उद्भवतो.

हे सगळे घडत असताना डोळा बहुधा दुखत नाही, लाल होत नाही, आणि तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येऊ शकते. "मला तर चांगले दिसते, मग लेझर कशाला?" हा प्रश्न म्हणून अगदी स्वाभाविक आहे. नव्या वाहिन्या उगवलेल्या आहेत पण नजर अजून शाबूत आहे, हीच लेझर करण्याची खरी वेळ असते.

लेझरचा हिरवा किंवा पिवळा किरण पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थरात शोषला जातो, तिथे उष्णता निर्माण होते आणि अंदाजे अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका भाजला जातो. त्या ठिपक्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी, ज्या पडद्यातला बहुतांश ऑक्सिजन वापरतात, नष्ट होतात. काटोल-नरखेडकडचा बागायतदार विहीर आटू लागली की बागेच्या कडेच्या काही झाडांचे पाणी तोडून मधली बाग जगवतो, त्यातलाच हा प्रकार आहे. कडेच्या पेशींची मागणी संपली की त्या जागेतून मागच्या थरातला ऑक्सिजन आतपर्यंत पोहोचतो, व्हीईजीएफ कमी होते, आणि पुढच्या काही आठवड्यांत नव्या वाहिन्या सुकू लागतात. असे ठिपके मध्यभाग सोडून सगळ्या पडद्यावर द्यावे लागतात. जुन्या पद्धतीत एका डोळ्यासाठी साधारण १२०० ते १६०० ठिपके दिले जात. अलीकडच्या यंत्रांत एका वेळी अनेक ठिपक्यांचा साचा उमटतो, प्रत्येक ठिपका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकाच वेळ चालतो आणि त्यामुळे वेदना कमी होतात, पण ठिपके सौम्य असल्याने त्यांची संख्या मात्र वाढते. म्हणून "माझ्या शेजाऱ्याला बाराशे मारले, मला अडीच हजार का?" या तुलनेला अर्थ नाही.

हा उपचार नवा किंवा प्रयोगातला नाही. जर्मनीतील डॉ. मायर-श्विकेराट यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस एकवटलेल्या सूर्यप्रकाशाने पडदा शेकण्याचे प्रयोग केले, पुढे त्यासाठी झेनॉन दिवा आला आणि १९६८ च्या सुमारास आर्गॉन लेझर. अमेरिकेत सतराशेहून अधिक रुग्णांच्या एका डोळ्याला उपचार करून दुसरा तसाच ठेवून जी तुलना झाली, तिचे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले: दृष्टी गंभीररीत्या जाण्याचा धोका लेझरने निम्म्याहून कमी झाला होता. पन्नास वर्षे होत आली तरी त्या निष्कर्षाला धक्का लागलेला नाही.

लेझर की इंजेक्शन

"मला डोळ्यात इंजेक्शन सांगितले आणि माझ्या भावाला लेझर, दोघांनाही शुगरच आहे" असे गोंधळलेले रुग्ण मला रोज भेटतात. ढोबळ विभागणी अशी आहे. मॅक्युलाच्या मधोमध सूज असून नजर कमी झाली असेल, तर आज पहिली पसंती व्हीईजीएफला रोखणाऱ्या इंजेक्शनांना दिली जाते. बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही त्यातली नावे तुमच्या कागदांवर दिसतील. या इंजेक्शनांनी नजर काही प्रमाणात सुधारूही शकते, जे लेझरने सहसा होत नाही. सूज मध्यबिंदूपासून थोडी दूर असेल, तर गळणाऱ्या फुग्यांवर मोजके, हलके ठिपके देण्याचा लेझरचा दुसरा प्रकार अजूनही उपयोगी आहे. नव्या वाहिन्या उगवल्या असतील, तर संपूर्ण पडद्यावरचे लेझर हा पाया आहे, जरी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत इंजेक्शनांनीही दोन वर्षांत तितकाच चांगला परिणाम साधता येतो आणि बाजूची दृष्टी कमी गमवावी लागते असे दिसले.

मग सगळ्यांना इंजेक्शनच का देऊ नये? याचे उत्तर औषधापेक्षा रुग्णाच्या येण्याजाण्यात आहे. इंजेक्शनाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, आणि वाहिन्या पुन्हा उगवू नयेत म्हणून सुरुवातीला जवळपास दर महिन्याला यावे लागते. लेझरचा परिणाम मात्र एकदा पूर्ण झाला की टिकून राहतो. केवळ इंजेक्शनांवर असलेल्या रुग्णांच्या भेटी दीर्घ काळ चुकल्या, तर त्यांच्या डोळ्यांची अवस्था लेझर झालेल्या आणि तितक्याच काळ न आलेल्या रुग्णांपेक्षा वाईट होते, हे अभ्यासातही आढळले आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहते. गडचिरोली, गोंदिया किंवा पलीकडे बालाघाट-छिंदवाड्याहून येणारा माणूस धानाच्या रोवणीत, कापसाच्या वेचणीत किंवा घरच्या लग्नात अडकला की दोन-तीन महिने सहज निघून जातात. म्हणून निर्णयाच्या वेळी डॉक्टरांना आपली परिस्थिती खरी सांगावी: किती लांबून येतो, सोबत कोण येऊ शकते, खर्च कितपत झेपेल. "जमेल, जमेल" असे भिडेपोटी म्हणणे इथे डोळ्याला महागात पडते. पुष्कळदा दोन्ही उपचार मिळून दिले जातात. सूज असताना आधी इंजेक्शन देऊन मग लेझर करतात, कारण संपूर्ण पडद्यावरच्या लेझरने सूज काही काळ वाढू शकते.

जाण्यापूर्वीची तयारी

डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत: कोणत्या डोळ्याला कोणत्या प्रकारचे लेझर आहे, किती वेळा यावे लागेल, मॅक्युलाची सूज ओसीटी तपासणीत (पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) दिसते का, आणि एखादी वेळ चुकली तर जास्तीत जास्त किती दिवसांत यावे. आधीच्या ओसीटी, डोळ्याच्या अँजिओग्राफी (पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो) आणि चष्म्याचे कागद एका फाइलमध्ये न्यावेत. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा ताजा अहवाल, रक्तदाबाच्या नोंदी आणि मूत्रपिंडाची तपासणी झाली असल्यास तिचा कागदही सोबत असावा. काचबिंदू, पूर्वीचा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका, कोणत्याही औषधाची ॲलर्जी आणि गर्भारपण या गोष्टी न विचारता स्वतःहून सांगाव्यात. गर्भारपणात पडद्याचा आजार झपाट्याने वाढू शकतो आणि त्या काळात लेझर करता येते, मात्र इंजेक्शने शक्यतो टाळली जातात.

लेझर उपाशीपोटी करायचे नसते, हे मी अधोरेखित करून सांगते. "ऑपरेशन आहे" या समजुतीने लोक सकाळपासून काही न खाता येतात, वर मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र घेतलेले असते, आणि थेंब घालून दीड तास बसल्यावर घाम फुटून हातपाय थरथरू लागतात. नेहमीसारखे खाऊन, नेहमीची औषधे नेहमीच्या वेळी घेऊन यावे. चतुर्थी किंवा एकादशीचा उपवास असेल तर तारीख पुढेमागे करून घ्यावी, आणि खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. ॲस्पिरिनमुळे मधुमेही डोळ्यात रक्तस्राव वाढत नाही, हे मोठ्या अभ्यासातून स्पष्ट झालेले आहे, आणि गोळी थांबवल्याने हृदयाला होणारा धोका मात्र खरा आहे.

सोबत एक माणूस हवाच. बाहुली मोठी झालेली असताना स्कूटर चालवत परतणे धोक्याचे आहे, मग दवाखाना घरापासून दोन चौकांवर का असेना. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, दवाखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर त्या मोठ्या बाहुलीतून जो उजेड आत शिरतो तो डोळे उघडू देत नाही. काळा चष्मा, रुंद काठाची टोपी किंवा दुपट्टा आणावा, आणि वेळ मागताना सकाळची लवकरची किंवा दुपार कलल्यानंतरची मागावी. शक्य असेल तिथे मेट्रोने जावे, कारण रांगेतल्या गाड्यांच्या काचांवरून येणारी तिरीप त्या दिवशी विशेष त्रास देते.

खर्चाविषयी थोडक्यात. नागपुरातील मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स या तिन्ही सार्वजनिक संस्थांत नेत्ररोग विभाग आहेत. पडद्याची बाह्यरुग्ण तपासणी आणि लेझर कोणत्या वारी होते हे आधी विचारून जावे, म्हणजे फेरी वाया जात नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून तुमचा उपचार योजनेत बसतो का, हे उपचार सुरू होण्यापूर्वीच त्याच्याकडून समजून घ्यावे.

खुर्चीवर बसल्यानंतर

लेझरसाठी बहुतेक वेळा भरती व्हावे लागत नाही, टाके नसतात, सुईही नसते. डोळा बधिर करणारे थेंब घातल्यावर तुम्हाला तपासणीच्या यंत्रासारख्याच यंत्रासमोर बसवतात. हनुवटी टेकायची, कपाळ पट्ट्याला चिकटवायचे. मग डॉक्टर दाट, गार जेल लावलेले एक भिंग थेट बुबुळावर ठेवतात. ते ठेवताना पापणी मिटायची प्रबळ इच्छा होते, पण एकदा बसले की त्याच्यामुळेच पापणी मिटत नाही आणि डोळा हलत नाही. जेल गालावरून ओघळते, त्याची काळजी करू नये. मांडीवर रुमाल ठेवावा. त्यानंतर हिरव्या प्रकाशाचे लखलखाट सुरू होतात, यंत्राचा टिकटिक आवाज येत राहतो आणि दर वेळी जरासे दचकायला होते. मधल्या भागाजवळचे ठिपके बहुधा दुखत नाहीत. डोळ्याच्या डाव्या-उजव्या कडेला, जिथून लांब नसा जातात, तिथले ठिपके मात्र सणकून लागतात. कुणाला कपाळात कळ जाते, कुणाला दाताच्या मुळात काहीतरी टोचल्यासारखे वाटते.

अशा वेळी एकच गोष्ट करायची आहे: डोके मागे घ्यायचे नाही. दुखले तर हनुवटी न हलवता तोंडाने "थांबा" म्हणावे. डॉक्टर थांबतात, शक्ती कमी करतात, जागा बदलतात, किंवा उरलेले पुढच्या वेळी करतात. फार त्रास होणाऱ्या रुग्णाला डोळ्यामागे बधिरतेचे इंजेक्शन देऊनही लेझर करता येते. पण सूचना न देता डोके हलले, किंवा "कुठे मारताय बघू" म्हणून नजर थेट प्रकाशाकडे वळली, तर ठिपका मॅक्युलावर पडण्याचा धोका असतो, आणि तिथला भाजलेला ठिपका कधीच भरून येत नाही. डॉक्टर सांगतील त्या दिशेला, दुसऱ्या डोळ्याने दिव्याकडे किंवा त्यांच्या कानाकडे पाहत राहावे. वयस्क रुग्णांच्या मागे मी स्वतः उभी राहते आणि डोके दोन्ही हातांनी हलकेच पुढे टेकवून धरते. घरच्या माणसाला ते काम दिले तर तो बहुधा रुग्णापेक्षा जास्त घाबरलेला असतो. लेझरच्या खोलीत सोबत्याला थांबू दिले, तर त्यानेही तिथला संरक्षक चष्मा घातल्याशिवाय थांबू नये.

एका वेळेला १०-१५ मिनिटे ते अर्धा तास लागतो. एका डोळ्याचे काम सहसा दोन ते चार वेळांत, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करतात, कारण सगळे एकदम केले तर सूज येण्याची शक्यता वाढते.

पहिले काही दिवस

खुर्चीवरून उठताच त्या डोळ्याला काहीच दिसत नाही, किंवा सगळे जांभळट-गुलाबी दिसते. आपले काहीतरी बिघडले असे वाटून रुग्ण हादरतो. हा हिरव्या प्रकाशाने दिपल्याचा परिणाम असून तो काही मिनिटांत ओसरतो. थेंबांमुळे जवळचे धूसर दिसणे संध्याकाळपर्यंत राहते. डोळ्यात कचरा गेल्यासारखे खुपणे, किंचित लाली आणि कपाळदुखी त्या दिवशी असू शकते. डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉलची गोळी आणि झोप एवढ्याने बहुतेकांचे भागते. डोळ्यावर कोठेही चीर नसल्याने डोक्यावरून पाणी घेऊ नये, पंधरा दिवस स्वयंपाकघरात जाऊ नये, डाळ-भाताशिवाय काही खाऊ नये, ही मोतीबिंदूच्या जुन्या शस्त्रक्रियेवरून आलेली पथ्ये इथे लागू नाहीत. थेंब लिहून दिले असतील तर तेवढेच आणि तितकेच दिवस घालावेत.

पुढच्या एक-दोन आठवड्यांत नजर आधीपेक्षा थोडी धूसर वाटू शकते. ही मॅक्युलाची तात्पुरती सूज असते, आणि बहुतेकांमध्ये ती काही आठवड्यांत उतरते. न उतरल्यास इंजेक्शन द्यावे लागते. तरुण रुग्णांना जवळचे वाचताना अक्षरे जुळवायला कष्ट पडतात, कारण भिंगाचे फोकस बदलणाऱ्या नसांना शेक लागलेला असतो. हेही बहुधा सुधारते, मात्र नवा चष्मा घाईने करून घेऊ नये.

काही लक्षणांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी दाखवावे: अचानक काळे धागे, ठिपक्यांचा पाऊस किंवा कोळ्याचे जाळे दिसणे, एका बाजूने सावली सरकत येणे, उलटीसह तीव्र डोळेदुखी आणि लाली, किंवा नजर एकदम कमी होणे. डोळ्यात थोडे रक्त उतरणे लेझरनंतरही होऊ शकते, कारण आकसत जाणाऱ्या नव्या वाहिन्या ओढल्या जातात. तो लेझर चुकल्याचा पुरावा नाही, परंतु पडदा ओढला गेलेला नाही ना हे सोनोग्राफीने पाहणे आवश्यक असते. रात्री दवाखाना गाठणे शक्य नसेल तर डोके दोन-तीन उशांवर उंच ठेवून झोपावे, म्हणजे रक्त खाली बसते.

जे कायमचे बदलते

संपूर्ण पडद्यावरचे लेझर झाल्यावर तीन बदल बहुतेकांना कमी-अधिक जाणवतात, आणि ते राहतात. बाजूचे दिसणे थोडे आक्रसते. अंधारात डोळा उशिरा सरावतो आणि कमी पाहतो. रंगांमधला, विशेषतः गडद निळा आणि काळा यांमधला फरक ओळखणे अवघड जाते. मॅक्युलाजवळच्या मोजक्या ठिपक्यांच्या लेझरने हे होत नाही, पण वाचताना एखादे अक्षर मध्येच गळल्यासारखा बारीक डाग जाणवू शकतो.

घरच्यांनी इथे खरे काम करायचे आहे, आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. ताटाच्या डाव्या कडेला ठेवलेला पाण्याचा स्टीलचा गडवा वारंवार लवंडू लागला, तर म्हातारपण आले म्हणून हसू नये. तो गडवा रोज एकाच जागी, जरा आत ठेवावा. पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या किंवा पिवळ्या ऑइलपेंटचा दोन बोटांचा पट्टा ओढावा. मोरी, संडास आणि देवघर यांच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा असावा, आणि वीज गेल्यावर हाताशी येईल अशी बॅटरी उशाशी असावी. दाराच्या आड स्टूल, बादली, सायकल ठेवण्याची सवय घरातल्या सगळ्यांनी मोडावी. रणरणत्या उन्हातून आत आल्यावर रुग्णाने उंबऱ्याशीच अर्धा-एक मिनिट थांबावे, डोळे मिटून उघडावेत आणि मग पुढे जावे. मंदिराच्या गाभाऱ्यात उतरतानाही हेच करावे. मधुमेह्याच्या पायाला आधीच बधिरपणा असेल, तर अंधारात न दिसलेली एक ठेच पायाच्या जखमेत बदलते, म्हणून ही काळजी केवळ डोळ्याची नाही.

गाडी चालवण्याविषयी मला स्पष्ट बोलावे लागते. दोन्ही डोळ्यांना संपूर्ण लेझर झाले असेल, तर दृष्टिक्षेत्राची तपासणी करून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय गाडी चालवू नये, आणि रात्री वर्धा रोडसारख्या रस्त्यावर, समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांत तर नकोच. बाजूने येणारी दुचाकी दिसत नाही हे चालवणाऱ्याला कळत नाही, कारण न दिसणारी जागा काळी दिसत नसते. ती फक्त तिथे नसते. रोजगारच गाडीवर असलेल्या ऑटोचालकाला किंवा रात्रपाळीच्या कामगाराला हे ऐकवणे मला जड जाते. अशा रुग्णाने हा मुद्दा लेझरच्या आधीच मांडावा, कारण इंजेक्शनांचा पर्याय त्याच्यासाठी अधिक गांभीर्याने विचारात घेता येतो.

लेझर पूर्ण झाले, पुढे काय

लेझरने नव्या वाहिन्या सुकल्या तरी त्यामागचा मधुमेह तसाच असतो. शेवटच्या वेळेनंतर साधारण एक ते तीन महिन्यांत पडदा पुन्हा पाहतात, कमी पडलेल्या जागी भर घालतात, आणि नंतरही काही महिन्यांच्या अंतराने आयुष्यभर तपासणी चालू राहते. साखरेइतकाच रक्तदाब महत्त्वाचा आहे. मूत्रपिंडाचा त्रास आणि रक्तक्षय यांनीही पडद्याची सूज वाढते. इन्सुलिन सुरू करून साखर झपाट्याने खाली आणली तर सुरुवातीच्या काही महिन्यांत पडद्याचा आजार तात्पुरता वाढू शकतो. पण त्यासाठी इन्सुलिन टाळावे असे मुळीच नाही, कारण पुढच्या वर्षांत फायदा त्याचाच असतो. फक्त त्या काळात डोळ्यांची तपासणी लवकर करून घ्यावी आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना लेझर झाल्याचे सांगावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर तिच्याआधीही पडदा दाखवावा, शिबिरात होणार असली तरी. घरात आणखी कोणाला मधुमेह असेल, तर सोबत आलेल्या त्या माणसाचीही पडद्याची तपासणी त्याच फेरीत करून घ्यावी: टाइप २ मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि त्यानंतर दर वर्षी ती व्हायला हवी.

दोन भेटींच्या मधल्या काळासाठी मी प्रत्येकाला भिंतीवरचे कॅलेंडर वापरायला सांगते. रोज सकाळी, चष्मा लावून, हातभर अंतरावरून एक डोळा तळहाताने झाकावा आणि दुसऱ्याने महिन्याच्या मधल्या चौकोनातल्या तारखेकडे पाहावे. मग डोळा बदलावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो आणि बिघाड महिनोन् महिने लपून राहतो. चौकोनांच्या रेषा वाकड्या दिसल्या, एखादी तारीख गळाली किंवा पानावर धागे तरंगताना दिसले, तर त्याच तारखेवर पेनाने खूण करून, कोणता डोळा ते तिथेच लिहून, ते पान फाइलमध्ये घालून दवाखान्यात यावे. माझी आत्या आता तिच्या डाव्या डोळ्यासाठी हे रोज करते. त्या डोळ्याच्या चारही वेळा पूर्ण झालेल्या आहेत, आणि चहा गाळून झाला की ती कॅलेंडरापुढे जाऊन उभी राहते.